गाडीला आखरी हात कोणाचा

मोतीराम,

परवा संध्याकाळी तुझ्या ठेल्यासमोर गाडी थांबवली आणि सवयीप्रमाणे दोनदा हॉर्न दिला. दिल्यावर लक्षात आलं की फळ्या लावलेल्या आहेत. समोरचा चहावाला माझ्याकडे बघायला लागला, तशी मी खाली वाकून पेट्रोलचा कॉक चाचपल्यासारखं केलं आणि निघालो. तुला पोचवून आठ दिवस झाले होते. खांदा द्यायला मी होतो, शेवटपर्यंत घाटावर थांबलो होतो, तरी हॉर्न दिलाच.

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोकांनी मला बोलायला उभं केलं. मास्तर माणूस, बोलायला काय लागतं. तू नंदनवनच्या रस्त्यावर निंबाखाली कसा बसायचास, कुणाला कधी फसवलं नाहीस, तुझ्या हाताला कसा गुण होता, सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो आणि मला माझीच किळस आली, कारण एक गोष्ट सोडून मी सगळं बोललो होतो. ती मी तुझ्यासमोर अकरा वर्षं गिळली. आता ती गिळवत नाही, तर ऐकायला तू नाहीस. वेळ बरी निवडली मी.

पहिल्यांदा तुझ्याकडे आलो तो हातात आलेखाचा कागद घेऊन. त्यावर माझ्या गाडीच्या सगळ्या तारा काढल्या होत्या, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, बाण, सगळा थाट. सावनेरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, रोज फटफटीनं जाणार-येणार. गाडीचा मालक शिकलेला आहे हे मिस्त्र्याला कळलं पाहिजे ना. तू कागद उलटसुलट पाहिलास, चहाचा गिलास त्यावर ठेवलास आणि म्हणालास, “चित्र झकास आहे, मास्तर. आता गाडीले बोलू द्या.”

तुझी पद्धत एकच. आधी सोड्याच्या पाण्यानं हात धुवायचे, कारण बॅटरीच्या ॲसिडनं तुझ्या पँटीला जागोजागी भोकं पडलेली. मग गाडीवाल्याला उलट्या खोक्यावर बसवायचं आणि विचारत सुटायचं. दिवा कधी मंद होतो, थांबल्यावर की पळताना, कोणत्या रस्त्यावर. गाडीवाला कातावायचा, अरे बाबा गाडी बघ ना, मला काय विचारून राहिला. तू ढिम्म. आणि सगळ्यात शेवटी, पान्याला हात लावायच्या आधी, तुझा ठरलेला प्रश्न यायचा.

“बिघडाच्या आंधी गाडीले आखरी हात कोनाचा लागला?”

लोक आधी म्हणायचे, कुणाचाच नाही. मग हळूहळू आठवायचं. साळ्यानं नट कसला होता. पुतण्यानं नवा हॉर्न बसवला होता. तुझं म्हणणं असं की गाडी आपल्या मनानं क्वचितच बिघडते, कोणीतरी काहीतरी चांगलं करायला जातं आणि तिथून सुरू होतं. हे मी वर्गात पोरांना सांगायचो, माझंच म्हणून.

आपला एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. करंट कुठून कुठे जातो. मी म्हणायचो, पुस्तकातला बाण अधिककडून वजाकडे जातो, पण खरे कण उलटे पळतात. तू म्हणायचास, म्हणजे तुमचं पुस्तक तुम्हाले उलटं सांगते अन् तुम्ही ते पोरायले सांगता? मी चिडायचो. मग तू बिडी पेटवून मिटवल्यासारखं करायचास, की कुठूनही जाऊ द्या, वापस आला पाहिजे, वापस आला नाही तं दिवा लागत नाही. ह्या एका वाक्यासाठी मी तुला सावनेरला नेलं, नववीच्या वर्गावर. मांडीवर बॅटरी घेऊन तू माझ्या मागे बसलास आणि अख्ख्या रस्त्याला मी खड्ड्यात गाडी घातली की ओरडत होतास.

त्या दिवशी तू पोरांना सांगितलंस की गाडीत दुसरी तार नसते, गाडीचं लोखंडच परतीची तार. दाखवायला म्हणून बॅटरीची एक तार खिडकीच्या गजाला बांधलीस, दिव्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं लांबच्या गजाला टेकवलंस. दिवा लागला नाही. पोरं खिदळली, मीही ओठ दाबले. तू खिशातून पातं काढलंस, दोन्ही गजांवरचा हिरवा रंग नखाएवढा खरवडलास, आणि दिवा लख्ख लागला.

“रंगातून करंट जात नाही, बाबूहो. लोखंडाले लोखंड भिडलं पाहिजे.”

मी ते वाक्य खडूनं फळ्यावर लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. तुला हे आठवत असणारच, पण मला ते इथे पुन्हा लिहायलाच हवं.

आमच्या घरी तू कधी फाटकाच्या आत आला नाहीस. आई होती तेव्हा तुझा चहा कान तुटलेल्या कपात यायचा, आणि तो कप फाटकाजवळच्या कट्ट्यावर उपडा राहायचा. मी काही म्हणालो नाही. तू मात्र दर वेळी न विचारता सांगायचास की हाताले ॲसिड आहे, बाहेरच बरं. आमची लाज तू तुझ्या हातांवर घेतलीस. आणि मी वयानं तुझ्याहून दोन वर्षं लहान, तुला पहिल्या दिवसापासून तू म्हणत आलो, तू मला शेवटपर्यंत तुम्ही.

अकरा वर्षांपूर्वी दसऱ्याआधी मला हुक्की आली. गाडी घरीच रंगवायची, आपल्या हातानं. बॅटरी उतरली होतीच, ती तुझ्याकडे चार्जिंगला टाकली आणि इकडे अंगणात गाडी मोकळी केली. सीटखाली ती छोटी डबी असते, कट-आउट. डायनॅमोची वीज बॅटरीत जाऊ द्यायची की नाही ते ती ठरवते, आणि तिची परतीची वाट म्हणजे ती ज्या बोल्टानं फ्रेमला बसते तो बोल्ट. ती काढली, तिच्याखाली काळ्या ऑइलपेंटचे छान दोन हात दिले, वाळवलं, डबी परत कसून टाकली. शेजारी म्हणाले, मास्तर, शोरूममधून आणल्यासारखी दिसते. मी दिवसभर फुगून होतो.

दसऱ्याला तुला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचं असायचं, म्हणून तू आदल्या दिवशीच बॅटरी घरी आणून दिलीस. फाटकातूनच. गाडीकडे कौतुकानं पाहून पुढे यायला लागलास, तर मी म्हणालो, रंग कच्चा आहे, हात नको लावू गा. तू हात मागे घेतलास. बॅटरी मी बसवली. दुसऱ्या दिवशी गाडीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं यथासांग झालं.

चौथ्या दिवशी बॅटरी बसली. दुसरीकडे चार्ज करून घेतली, पुन्हा चार दिवसांत बसू लागली. शाळेत डबा खाताना आमचे ड्रिलमास्तर म्हणाले की चार्जिंगला दिली होती ना, मग बदलली असेल, चांगली ठेवून घेतात आणि सडकी देतात. मी ते ऐकून घेतलं. ऐकूनच घेतलं असं नाही, मला ते आवडलं. दोष दुसऱ्याचा निघाला की माणसाला भूक चांगली लागते. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी सावनेरहून परतताना दिवा पिवळा पडला, मग लाल झाला, मग इंजिनच बंद. पाच-सहा मैल ढकलत आणली. माझं डोकं कसं आहे तुला माहीत आहे. प्रत्येक मैलाला मी तुला एकेक शिवी देत होतो, आणि सकाळी ठेल्यावर पोचेपर्यंत त्या सगळ्या तोंडात जमा झाल्या होत्या.

तू मला खोक्यावर बसवलंस. तिथे एक ट्रकड्रायव्हर होता, चहावाला होता, आणखी दोघं-तिघं. विचारत विचारत तू माझ्याकडून काढून घेतलंस की खराब रस्त्यावर चार्जिंगच्या मीटरचा काटा वर उडतो, चांगल्या रस्त्यावर मरून पडतो. तुझे डोळे चमकले. हे तर मजेदार आहे म्हणालास. काचेच्या नळीनं बॅटरीचं पाणी तपासलंस, तिन्ही घरं सारखीच उतरलेली. बॅटरी उपाशी आहे, बिमार नाही, असं म्हणालास. मग दुकानातली भरलेली बॅटरी जोडून गाडी चालू केलीस आणि डायनॅमोच्या तारांना तुझा तो दोन वायरींचा दिवा लावलास, मागच्या लाइटचा बल्ब कथलाचा डाग देऊन बनवलेला. भरदिवसा डोळ्यांवर आला. विहिरीले पाणी आहे मास्तर, वाफ्यात पोचून नाही राहिलं. तुझं बोट सीटखाली गेलं, कट-आउटपाशी थांबलं, आणि तू माझ्याकडे न बघता विचारलंस की आखरी हात कोणाचा.

आज कळतं की तू तेव्हाच जवळजवळ पोचला होतास. मला वाटलं तू आता माझ्यावर ढकलतो आहेस. मी उभा राहिलो आणि त्या चार माणसांसमोर म्हणालो, “तुझा. तीन दिवस बॅटरी तुझ्याकडे होती. माझी ठेवून घेतलीस आणि ही सडकी गळ्यात मारलीस. तुमच्या लोकांवर विश्वास ठेवू नये, आई म्हणायची ते खोटं नाही.”

शब्द हेच होते. एकही मऊ करत नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की रागात होतो, तोंडातून गेलं. रागात जे तोंडातून जातं ते आधी पोटात असावं लागतं.

ट्रकड्रायव्हर उठून उभा राहिला होता. तू त्याला हातानं बसवलंस. मग जे केलंस ते मी कधी विसरणार नाही. तू सोडलेली एकेक तार परत जागेवर लावलीस, नट कसलेस, बॅटरीचा पट्टा ओढलास, सीट बसवली, कापडानं टाकीवरचा तुझ्या बोटांचा डाग पुसलास. उघडलेली गाडी तशीच द्यायची नाही हा तुझा नेम. पंधरा मिनिटं लागली असतील. मी तिथेच उभा होतो. शेवटी तू म्हणालास, “घेऊन जा मास्तर. आज माह्याच्यानं नाही होणार.”

मी नवी बॅटरी घेतली. तीही आठवड्यात बसली. तेव्हा मात्र तुला दोष देता येईना. रविवारी अंगणात गाडी घेऊन बसलो, तोच आलेखाचा कागद समोर ठेवून. बाणांमागून बाण तपासत कट-आउटपर्यंत आलो. बोल्ट काढला. खाली माझा काळाभोर, गुळगुळीत, दोन हातांचा रंग. खराब रस्त्यावर हादऱ्यानं कुठे धातूला धातू लागायचा, तेवढ्यापुरतं चार्ज व्हायचं. पात्यानं रुपयाएवढी जागा खरवडली, बोल्ट कसला, किक मारली. काटा टुणकन उजवीकडे. बायको दारातून म्हणाली, सापडलं का जी? मी म्हणालो, हो, वायर ढिली होती. म्हणजे पहिलं खोटं घरातच बोललो.

दुसरं दुसऱ्या दिवशी बोललो. तुझ्याकडे आलो तो पाय धरायच्या तयारीनं, खरंच सांगतो. पण ठेल्यावर माणसं होती. अपमान करताना मला माणसं चालली होती, माफी मागायला एकांत हवा होता. तू विचारलंस, झाली का दुरुस्त. मी म्हणालो, हो, वायर ढिली होती. तू सहज खाली वाकलास, सीटखाली पाहिलंस. डबीच्या कडेनं खरवडलेलं लोखंड चकाकत होतं. तू ते पाहिलंस हे मी पाहिलं. “हाव, होते असं,” म्हणालास आणि चहा सांगितलास. ज्या हातानं मी नववीच्या वर्गात ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं त्याच हातानं मी तो चहा घेतला.

त्यानंतर अकरा वर्षं माझी गाडी तूच पाहिलीस. ब्रश बदललेस, तारा बदलल्यास, मला कधी ताटकळत ठेवलं नाहीस. फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तो प्रश्न तू मला पुन्हा विचारला नाहीस. माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांना विचारायचास, माझी पाळी आली की थेट पाना उचलायचास. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मी बॅटरी चार्जिंगला दिली की तू खिळा घ्यायचास आणि तिच्या वरच्या डांबरावर माझ्यासमोर कोरायचास, ‘मास्तर’. परत देताना ती अक्षरं माझ्याकडे वळवून म्हणायचास, पाहून घ्या, तुमचीच आहे ना? टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मी म्हणायचो, हो, माझीच. बाकी कुणाच्या बॅटरीवर तू नाव कोरायचा नाहीस.

धंतोलीच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा हाताला सलाइन होती. माझ्याकडे बघून हसलास. म्हणालास, आता मलेच चार्जिंगले लावलं, मास्तर, कुठी लीक आहे ते डॉक्टरले सापडून नाही राहिलं. मी हसलो. खोलीत आपण दोघंच होतो, सुमनवहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. इतका एकांत मला अकरा वर्षांत मिळाला नव्हता. वाक्य जिभेवर होतं. मी बोललो काय, तर करंटचा वाद. कण उलटेच पळतात हे तू एकदा कबूल कर, असं म्हणालो. तू म्हणालास, बरा होऊन आल्यावर पाहू. मी उद्या येतो म्हणून निघालो. जिन्यात थांबलो, परत जावं असं वाटलं, आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी तू नव्हतास.

आज सकाळी सुमनवहिनींचा निरोप आला की दुकान रिकामं करून राहिलो, तुमची बॅटरी पडली आहे, घेऊन जा. गेलो. फळ्या उघडल्या होत्या. चहावाला होता, तुझे दोन शेजारी सामान बांधत होते. फळीवर सात-आठ बॅटऱ्या होत्या. वहिनींना शोधावं लागलं नाही. त्यांनी एक उचलली, पदरानं वरची धूळ पुसली, अक्षरं माझ्याकडे वळवली आणि अगदी तुझ्यासारखंच म्हणाल्या, पाहून घ्या मास्तर, तुमचीच आहे ना?

त्यांना काही माहीत नव्हतं. तू घरी कधी सांगितलंच नव्हतंस. ह्या मास्तरांना दाखवून द्यायची असते, एवढंच त्या शिकल्या होत्या.

मग मी बोललो. चहावाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर. रंग, डबी, ड्रिलमास्तर, मी तुला काय म्हणालो ते शब्द न शब्द, आणि खरवडलेली जागा तू पाहूनही काही बोलला नाहीस ते. चहावाल्यानं मान खाली घातली, त्या दिवशी तो तिथे होताच. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बॅटरी माझ्या हातात दिली.

“हे त्यायले सांगाचं होतं जी, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मले सांगून काय?”

मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी केला नाही, फळीवरच्या बॅटऱ्या आवरायला लागल्या. घरी आलो, इतके दिवस उसनी चालवलेली बॅटरी काढून ही बसवली, किक मारली. चार्ज होते आहे, काटा स्थिर आहे, बिघाड काहीच नाही. गाडी बंद केली आणि आत येऊन लिहायला बसलो.

तू विचारलं होतंस आणि मी उत्तर खोटं दिलं होतं. आता देतो. त्या दसऱ्याला गाडीला आखरी हात माझा लागला होता, मोतीराम. तुझा नाही.